शेपटीवाला आणि बिनमोरचुदाची खळ

शेपटीवाल्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते थेटरात, पडद्यावर. तो काही सिनेमात नव्हता. पण पडद्यावर खांदे पाडून चालणारा, कुणाशी न बोलणारा, खिशात उंदीर घेऊन फिरणारा माणूस आला आणि माझ्या जाऊबाईंनी मला असा चिमटा काढला की सिनेमातलं निम्मं विसरले, चिमटा तेवढा आठवतो.

"अगं, हा तर आपला!" त्या म्हणाल्या.

"आपला कसला? शेजारचा म्हणा."

चार वर्षं त्याची नि आमची भिंत एकच होती. एका अंगणाभोवती सहा खोल्या, त्या सगळ्या मालकीणबाईंच्या. सहाव्या खोलीला टेकून पत्र्याची एक शेड. सहावी खोली आमची, शेड त्याची. चार वर्षांत मी त्याच्या तोंडाकडे धड पाहिलं नव्हतं. पाहिलं ते त्याच्या मागे काय चाललंय ते. सगळेच तेवढं बघायचे, म्हणून तर नाव पडलं शेपटीवाला.

मागे असायचं एक तीन पायांचं कुत्रं. त्याच्या मागे एका कानाची मांजर, तिला तो मावशी म्हणायचा. सगळ्यांत शेवटी पंख मोडलेला कावळा. उडता येत नसल्यामुळे तो चालायचा, आणि चालायचा असा की जणू अंगणाची पाहणी करायला वरून माणूस आलाय. त्याचं नाव साहेब. आणि सदऱ्याच्या खिशात एक म्हातारा करडा उंदीर, तोंडावरचे केस पांढरे झालेले. त्याचं नाव आजोबा.

आता तुम्हीच सांगा, ज्या घरात मांजर आणि उंदीर एका ताटलीत जेवतात, त्या घराबद्दल शेजारणीने काय समजायचं? नळावर आम्ही बायका म्हणायचो, उंदीर न खाणारी मांजर ही मांजरच नव्हे. मग ती काय, हे कुणी बोलत नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

त्याचं काम नगरपालिकेचं. रस्त्यात मेलेलं जनावर उचलायचं, हातगाडीत घालायचं आणि गावाबाहेरच्या खड्ड्यात पुरायचं. पहाटे जायचा, दुपारी यायचा. येताना नळाखाली हात कोपरापर्यंत धुवायचा, तीन वेळा साबण लावून. आणि तो गेला की आम्ही नळ धुवायचो. त्याला दिसेल असा. हे मी आज लिहितेय, त्या वेळी त्यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही.

त्याच्या गाडीतली सगळीच जनावरं मेलेली नसायची, हे मला फार पुढे कळलं. त्याला म्हणे सांगितलेलं असायचं की हलत असलं तरी घालून टाक. जे हलत असायचं ते तो खड्ड्यापर्यंत न्यायचा नाही, शेडमध्ये आणायचा. बहुतेक दोन दिवसांत मरायचीच. जी जगली ती शेपटीत.

तर तो सिनेमा. आम्हाला पास फुकट मिळायचे, कारण आमचे हे थेटरची पोस्टरं चिकटवायचे. सायकलला शिडी बांधलेली, हँडलला खळीची बादली, मागे पोस्टरांची गुंडाळी. दर आठवड्याला नवा सिनेमा, बारा भिंती. त्या सिनेमातल्या माणसाला सगळ्यांनी वाळीत टाकलेलं असतं. तो शिट्टी मारतो आणि गावभरच्या गटारांतून उंदीर येतात, मांजरं येतात, कावळे येतात. ज्यांनी ज्यांनी त्याला छळलं, ते एकेक करून सकाळी सापडतात. काय सापडतं ते मी बघितलं नाही, डोळे मिटून घेतले होते. जाऊबाई बघून मला सांगत होत्या. बघण्यापेक्षा ते वाईट.

बाहेर पडताना दिवे लागले आणि मागच्या भिंतीला टेकून कोण उभं? शेपटीवाला. एकटाच. त्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, अजून पांढऱ्या पडद्याकडेच बघत होता.

आमच्या अंगणाच्या फाटकात इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. कपडे लोकांचे असोत, सुरकुत्या काढायचा तो अख्ख्या गल्लीच्या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, तिसऱ्यांदा जाऊन आला तो. तिसऱ्यांदा! माणूस सिनेमा तीनदा कधी बघतो? एक तर हिरॉईनसाठी, नाहीतर शिकायला. आणि यात हिरॉईन नाही."

मी हसले. पण घरात गेल्यावर छकुलीला उचलून उगाचच छातीशी धरलं.

छकुली म्हणजे माझी लेक, तेव्हा नऊ महिन्यांची. रांगायला लागली होती, आणि रांगायची ती सरळ खळीच्या बादलीकडे. खळ मी शिजवायची. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग उकळत्या पाण्यात धार धरून ढवळत राहायचं. पारदर्शक व्हायला लागली की उतरवायची आणि वर चिमूटभर मोरचूद विरघळवून घालायचं. निळ्या खड्यांचं ते औषध, विषारी. सासूबाईंनी शिकवलं होतं, मोरचुदाने खळ आंबत नाही. तेवढंच त्यांनी सांगितलं आणि तेवढंच मी धरून बसले.

त्या आठवड्यात छकुलीने बादलीत हात घातला. तोंडात जाणार तेवढ्यात मी पकडला. हात धुतला, तोंड धुतलं, स्वतः रडले. आणि ठरवलं की मोरचूद बंद. खळ आंबायला वेळच कुठे मिळतो? रोजची रोज ताजी शिजवते. यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, आईने सांगितलंय तसंच कर. नवऱ्याच्या आईने सांगितलेलं मोडायचं तर गुपचूप मोडावं, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात उंदरांच्या सिनेमाची पोस्टरं लागली. मध्ये चेहरा त्या माणसाचा, आणि कडेने नुसत्या शेपट्या.

तिसऱ्या दिवशी हे घरी आले ते शिडी आपटूनच.

"पोस्टरं खाल्ली!"

"कुणी?"

"मला काय माहीत कुणी! डाकघराच्या भिंतीवरचं खालून अर्धं गायब. बसच्या थांब्यावरचं तसंच. शाळेच्या भिंतीवर त्या माणसाचं तोंडच नाही. नुसत्या शेपट्या ठेवल्यात!" मग पाणी पिऊन म्हणाले, "थेटरचा मॅनेजर म्हणतो, तू पोस्टरं लावतोस की चारतोस? अजून एकदा झालं तर दुसरा माणूस बघतो म्हणाला."

ही बातमी अंगणात पसरायला दुपार लागली नाही. इस्त्रीवाल्याने तर निकालच दिला.

"तोंड खाल्लं, शेपट्या ठेवल्या. म्हणजे कळलं ना? उंदरांनी उंदरांना सोडलं."

"म्हणजे उंदरांना पोस्टर वाचता येतं?" जाऊबाईंनी विचारलं.

"त्यांना नाही येत. ज्याच्या खिशात राहतात त्याला येतं."

आम्ही सगळ्या हसलो. पण हसताना प्रत्येकीची नजर शेडच्या दाराकडे गेली. दार लोटलेलं होतं. आतून कावळ्याची नखं पत्र्यावर वाजत होती, टक, टक, टक.

मग संशय आमच्या अंगणात राहायलाच आला. तो पहाटे लवकर निघाला तर का लवकर निघाला? उशिरा आला तर इतका वेळ कुठे होता? एरवी तो बोलत नाही म्हणून राग यायचा. आता नळावर मला म्हणाला, "बाळाला उचलून ठेवा, इथे निसरडं आहे," तर माझ्या अंगावर काटा आला. याला माझ्या बाळाची काय पडलीय?

दोन दिवसांनी इस्त्रीवाला धावतच आला. सकाळी कोळसे आणायला गेला होता.

"डोळ्यांनी पाहिलं, वहिनी! गिरणीच्या भिंतीपाशी गाडी उभी केली त्याने. पोस्टरच्या कडेला नखाने खरवडलं. वास घेतला. आणि मग," इथे तो थांबला, सगळ्या जमल्यात याची खात्री केली, "आणि मग चाटलं!"

"काय चाटलं?"

"पोस्टर! जिभेच्या टोकाने. आणि थुंकला. त्याच्या खिशातून तो थेरडा उंदीर तोंड बाहेर काढून बघत होता. जसं काही विचारतोय, कसं आहे?"

त्यावर कुणीच हसलं नाही.

त्याच दुपारी दार वाजलं. मी उघडलं तर उंबऱ्याबाहेर तो. चार हात लांब उभा, जवळ यायची त्याला सवयच नव्हती.

"वहिनी, खळ कोण शिजवतं?" त्याने विचारलं.

हाच प्रश्न. दुसरं काही नाही. मी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या खिशाकडे बघितलं, खिसा हलला. मी दार लावलं आणि कडी घातली. कडी घातल्यावर पाठ लावूनही उभी राहिले. बाहेरून आवाज आला, "वहिनी, ऐका तरी..." मग कुत्र्याची तीन पावलं, मग काही नाही.

ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, ऊन अंगणात सांडलेलं असताना ते घडलं. भुतंखेतं अंधारात येतात असं म्हणणाऱ्यांना आमचं घर माहीत नाही. छकुली झोपली होती. तिला झोपवायला थेटरातून आणलेलं एक लाकडी खोकं होतं. खालून ओल येऊ नये म्हणून मी त्यात पोस्टरं अंथरायची. वेडीवाकडी लागलेली, सोलून परत आणलेली, मागे खळ वाळून पापुद्रा झालेली. त्यावर यांचा जुना सदरा, कामावरचा. बापाचा वास असला की ती झोपायची. मी नळावर दोन बादल्या भरायला गेले. दोनच बादल्या.

किंकाळी ऐकून आले तर खोक्यात रक्त. छकुलीच्या उजव्या पायाचा अंगठा रक्ताने भरलेला. आणि ट्रंकेच्या मागे, त्या शेडच्या नि आमच्या भिंतीतल्या भोकात, एक शेपूट आत जात होती. हळूच. घाई नाही. आपल्या घरी जावं तशी.

मी ओरडले. काय ओरडले ते जाऊबाईंनी मला नंतर सांगितलं. "त्याने पाठवला! त्यानेच पाठवला!" असं ओरडले म्हणे. हे शब्द माझेच आहेत. बाकी कुणाच्या डोक्यावर ते घालता येणार नाहीत.

पाच मिनिटांत अंगण भरलं. इस्त्रीवाल्याच्या हातात कोळसे ढवळायची सळई. मालकीणबाई चष्मा न लावता धावत आल्या, त्यावरून समजा. तो नुकताच कामावरून आला होता, हात कोपरापर्यंत साबणाने पांढरे. शेडच्या दारात उभा राहिला, आणि त्याच्या पायांच्या मध्ये कुत्रं.

"तुझ्या उंदराने पोरीला खाल्लं!" इस्त्रीवाला म्हणाला.

तो त्याच्याकडे बघतच नव्हता. माझ्या कडेवरच्या छकुलीच्या पायाकडे बघत होता.

"साबणाने धुवा," तो म्हणाला. "वाहत्या पाण्याखाली. भरपूर वेळ. मग दवाखान्यात न्या, सुई लागेल."

"बघा!" इस्त्रीवाला गरजला. "याला सगळं कसं माहीत?"

आणि आम्हा सगळ्यांना तेव्हा ते बरोबर वाटलं. एवढ्या गर्दीत जखम धुवा म्हणणारा तो एकटा, आणि म्हणूनच गुन्हेगार.

मालकीणबाईंनी फर्मान काढलं, "सहा वाजेपर्यंत शेड रिकामी. नगरपालिकेच्या औषधवाल्याला निरोप धाडते. विषाच्या गोळ्या टाकू दे आत. कुत्रं, मांजर, कावळा, सगळं साफ."

"मी जातो," तो म्हणाला. "त्यांना घेऊन जातो."

"घेऊन कुठे जाणार? दुसऱ्याच्या पोरांना खायला? जनावरं इथून जिवंत जायची नाहीत."

त्याचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पडद्यावरचा माणूस अशा वेळी शिट्टी मारतो. हा फक्त दार लोटून आत गेला. गोळ्या खाऊन ती जनावरं मेल्यावर उचलायला हातगाडी घेऊन येणार होता तोही तोच. दुसरा माणूस नव्हताच त्या कामाला.

हे आणि मी छकुलीला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथली नर्स जाडजूड, बोलायला फटकळ. पाय नळाखाली धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे बोटांना काय लावलंय? पीठ?"

"कसलं पीठ?"

"मला विचारता? पापुद्रे निघतायत. दोन्ही पायांना आहे. सदऱ्यालाही आहे." छकुलीला ज्यात गुंडाळून आणलं होतं त्या यांच्या सदऱ्याची बाही तिने नखाने खरवडली. "अहो बाई, पोरीला पिठात घोळवून झोपवलंत तर उंदीर जेवायला बसणारच. त्याला काय कळतं, पीठ कुठे संपलं नि पोर कुठे सुरू झाली!"

हे म्हणाले, "पीठ नाही हो, खळ आहे. पण खळ उंदीर खात नाहीत. मोरचूद असतं त्यात. त्यासाठीच तर घालतात."

"त्यासाठी?" मी विचारलं. "आंबू नये म्हणून ना?"

"आंबू नये म्हणून, बुरशी येऊ नये म्हणून, आणि उंदीर लागू नये म्हणून. आईने सांगितलं नव्हतं?"

निम्मं सांगितलं होतं. छकुलीला सुई टोचली, ती रडली, आणि मी तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. बारा भिंती. खालून खाल्लेली पोस्टरं. यांच्या हाताची खळ जिथे ब्रशने दाट बसते तिथेच खाल्लेली, खाली नि मध्ये, तोंडावर. शेपट्या होत्या कडेला, तिथे ब्रश हलका फिरतो. आणि दाराबाहेर चार हातांवर उभा राहिलेला तो माणूस. खळ कोण शिजवतं?

आता वाटेल की मी धावत घरी गेले आणि सगळ्यांसमोर खरं सांगितलं. तसं झालं नाही. बाकावर छकुलीला मांडीवर घेऊन मी हिशोब मांडत बसले, आणि तो हिशोब वाईट होता. खरं बोलले तर बारा भिंतींचा दोष यांच्या डोक्यावर, मॅनेजर उद्याच दुसरा माणूस बघणार. गल्ली म्हणणार, आईनेच पोरीला उंदरांपुढे वाढलं. गप्प बसले तर काय? एक शेपटीवाला जाणार, जो कुणालाच नको होता.

साडेचार झाले. घरी आलो तेव्हाही मी गप्पच होते.

अंगणात औषधवाला डबा उघडून बसला होता. मालकीणबाईंना खात्री हवी होती, म्हणून शेपटीवाल्याला एकेक जनावर बाहेर आणायला लावत होत्या. त्याने तारेचे पिंजरे आणले. स्वतः विणलेले, तार इतकी बारीक की बोट जाणार नाही. एकात मावशी. एकात साहेब, मान वाकडी करून सगळ्यांची तपासणी करत. शेवटच्यात आजोबा, एवढा जाडा आणि म्हातारा की पिंजऱ्यातल्या चिंधीवर चढतानाही दमला.

"हा चढून गेला म्हणता भोकातून?" जाऊबाई हळूच म्हणाल्या. "याला तर खिशात उचलून ठेवावं लागतं."

"याची पोरं असतील," इस्त्रीवाला म्हणाला. "आत बघा, भोक बघा!"

मी आत गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं घाण असेल. जमीन आमच्यापेक्षा स्वच्छ होती. एक खाट, एक स्टोव्ह, चार ताटल्या पालथ्या. आणि आमच्या भिंतीला, बरोबर आमच्या ट्रंकेच्या मागच्या जागी, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकलेला. कडेने सिमेंट, सिमेंटमध्ये काचेचा चुरा. खिळे गंजलेले. म्हणजे कालचं काम नव्हे, तीन-चार वर्षांचं.

"हे काय?" मी विचारलं.

तो दारातच उभा होता. स्वतःच्याच घरात मला पुरेशी जागा देऊन.

"तुमचं लग्नाचं नवीन घर होतं," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्याकडचं काही तुमच्याकडे जायला नको. भोक तुमच्या मोरीच्या पाटात उतरतं. तिकडूनच येतात."

मी पत्र्यावर हात ठेवला. मग बाहेर आले आणि म्हणाले, "खळ मी शिजवते."

कुणाला काही कळलं नाही. म्हणून सगळं सांगितलं. मोरचूद, छकुलीचा हात, सासूबाईंचं निम्मं वाक्य, खोक्यात अंथरलेली पोस्टरं. बोलताना यांच्याकडे बघितलं नाही. बोलून झाल्यावर बघितलं. हे शिडीच्या पायरीवर बसले होते, हात गुडघ्यांवर.

"मग हा पोस्टर का चाटत होता?" इस्त्रीवाल्याने विचारलं. हातातली सळई अजून खाली आली नव्हती.

"मोरचूद असलं की जीभ आकसते," शेपटीवाला म्हणाला. "आकसली नाही. म्हणून वहिनींना विचारायला गेलो."

"आणि सिनेमा तीनदा?"

"त्यात एक पांढऱ्या कानाचा उंदीर आहे," तो म्हणाला. "आग लागते त्याच्या आधी दिसतो. नंतर दिसत नाही. म्हटलं, माझी नजर चुकली असेल. शेवटी कुठे तरी दिसेल."

"दिसला?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही."

मालकीणबाई मात्र सहजासहजी पाघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बोलायला काय जातं? आणि उंदीर याचे नाहीत कशावरून?" मग त्यांनीच तोड काढली. मी दोन ताटल्या खळ शिजवायची. एक मोरचुदाची, एक बिनमोरचुदाची. दोन्ही मोरीच्या तोंडाशी ठेवायच्या. त्याची जनावरं पिंजऱ्यांसकट शेडमध्ये, शेडला मालकीणबाईंचं कुलूप, किल्ली त्यांच्या उशाखाली. तो स्वतः इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली झोपायचा. औषधवाल्याने डबा बंद केला, पण गेला नाही. म्हणाला, सकाळी लागेलच.

सकाळी सगळं अंगण दात न घासता मोरीपाशी. मोरचुदाची निळी ताटली जशीच्या तशी, वर साय धरलेली. दुसरी इतकी चाटूनपुसून स्वच्छ की घासायची गरज नव्हती. कुलूप जागेवर. मालकीणबाईंनी स्वतः काढलं. आत आजोबा चिंधीवर झोपलेला, पोटावर, घोरत. उंदीर घोरतो हे मला तेव्हा कळलं.

माफी कुणी मागितली नाही. आमच्या अंगणात ती पद्धतच नव्हती. औषधवाला डबा उचलून गेला. इस्त्रीवाला म्हणाला, "मी आधीच म्हणत होतो, खळीत काहीतरी आहे," आणि कोळसे फुंकायला लागला. मालकीणबाई म्हणाल्या, "तरी पण कावळा घरात ठेवू नये माणसाने." एवढ्यावर मिटलं.

मॅनेजरने दुसरा माणूस बघितलाच. हे दोन महिने थेटरच्या पायऱ्या पुसत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. एकदाच, जेवताना म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर बादली मी वर टांगली असती." ते बोलणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. पुढे काम परत मिळालं आणि बादली वर टांगली गेली. छकुलीच्या अंगठ्यावर अजून अर्धचंद्र आहे, चप्पल घेताना दुकानदार विचारतो.

मी त्या दिवसापासून शेपटीवाल्याच्या दारात रोज एक ताटली ठेवायला लागले. भात, भाजी, उरलेलं नव्हे, आधी काढून ठेवलेलं. मला वाटलं, झालं, फिटलं.

तर पहिल्या दिवशी काय बघितलं? तो बाहेर आला. ताटली उचलली. वास घेतला. बोटाच्या टोकाने भाताचं एक शीत उचलून जिभेच्या टोकाला लावलं. थांबला. कुत्रं शेपूट हलवत बसलेलं. मावशी ओरडत होती. त्याने बऱ्याच वेळाने, जीभ आकसत नाही हे बघून, ताटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. वर्षभर तेच.

मला आधी राग आला. माझ्या हातच्या जेवणावर संशय? मग आठवलं की माझ्याच दारात, माझ्याच ओरडण्यावरून, त्याच्या जनावरांसाठी विषाचा डबा उघडला गेला होता. तो मला हसून नमस्कार करायचा, छकुलीला पिंजऱ्यातला साहेब दाखवायचा, तिला तारेची चिमणी करून दिली त्याने. सगळं केलं. पण ताटली आली की जीभ. मी लपूनछपून खिडकीतून बघायची. पूर्वी मी त्याच्यावर नजर ठेवायची, आता माझ्या ताटलीवर तो ठेवत होता. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं.

आजोबा गेला. मग मावशी. पंख मोडलेला कावळा मात्र सगळ्यांना पुरून उरला. नवी कोणकोण येत राहिली, शेपूट कधी लांब झाली, कधी आखूड. आमची भिंत एकच राहिली. तिच्यातल्या भोकावर मी आमच्या बाजूनेही पत्रा ठोकून घेतला.

अकरा वर्षांनी तो नोकरीतून सुटला. हात थरथरायला लागले होते, हातगाडी दुसऱ्याकडे गेली. एक दिवस ताटली ठेवली आणि सवयीने खिडकीत उभी राहिले. तो आला. ताटली उचलली. वास घेतला नाही, जिभेला काही लावलं नाही. सरळ कुत्र्यापुढे ठेवली. वाकताना गुडघ्यावर हात टेकून "हं" म्हणाला आणि आत गेला.

मी धावत जाऊबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "अगं, म्हातारपणी जिभेची चव जाते माणसाची. विसरला असेल."

असेल. मी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ताटली ठेवायच्या आधी, स्वयंपाकघरात, कुणी बघत नाही असं बघून, भाताचं एक शीत मीच जिभेच्या टोकाला लावून बघितलं.